मागचा हात

साताऱ्यात काय, सांगलीत काय, संध्याकाळच्या मोकळ्या मैदानावर हे दृश्य ठरलेलं. पाच-सहा वर्षांचं पोर लहान सायकलवर बसलंय, बाप कमरेत वाकून सीटच्या मागे हात घालून पळतोय, आणि पोर मान न वळवता ओरडतंय, ‘पप्पा, सोडू नका हं!’ बाप धापा टाकत म्हणतो, ‘नाही सोडत. धरलंय मी.’ हे शब्द तोंडातून निघतात तेव्हा बहुतेक वेळा हात सीटवरून निघून गेलेला असतो. दहा-पंधरा हात सायकल एकटीच जाते, मग पोराला मागचा आवाज लांबून येतोय हे कळतं आणि ते पडतं तरी किंवा जिंकतं तरी. पुढे आयुष्यभर ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. त्यात एक खोटं दडलेलं आहे, पण त्याला खोटं म्हणायला कुणी तयार नसतं. उलट आपल्याकडे हा प्रसंग भक्तीचं रूपक होऊन बसला आहे. देवही असाच मागे असतो, धरलंय म्हणतो, आणि आपल्या नकळत हात काढून घेतो. कीर्तनात, प्रवचनात, लग्नातल्या भाषणांतसुद्धा हा दृष्टान्त चपखल बसतो. मला मात्र तो पटत नाही. या रूपकात आधाराची जी कल्पना आहे ती सायकलच्या बाबतीत चुकीची आहे, आणि सायकलच्या बाबतीत ती का चुकते हे नीट पाहिलं तर देवाच्या बाबतीतही ती बरीचशी चुकीची ठरते.

हे सुचण्याचं निमित्त एका छोट्या वाहनाचं आहे. बॅलन्स बाईक म्हणजे दोन चाकं, एक हँडल आणि पाय पूर्ण टेकतील इतकी खाली सीट. पायडल नाही, साखळी नाही, बाजूची आधाराची चाकंही नाहीत. दोन-अडीच वर्षांचं मूल तिच्यावर बसतं, आधी बसल्या बसल्या चालतं, मग पावलं लांब टाकतं, मग दोन्ही पाय उचलून थोडं घरंगळतं. गेल्या काही वर्षांत ही वस्तू आपल्या शहरांतही दिसू लागली आहे आणि बघणाऱ्याला ती अर्धवट वाटते. सायकल घेतली पण पायडल बसवायचं राहिलं, असं काहीतरी. इतिहास मात्र तिच्या बाजूने आहे. जर्मनीत मॅनहाइमला कार्ल ड्राइसने १८१७ साली जी दुचाकी रस्त्यावर आणली तिला पायडल नव्हतंच. माणूस तिच्यावर बसून पायांनी जमीन मागे रेटत पळायचा. पुढच्या चाकाला पायडल जोडलं गेलं ते १८६०च्या दशकात, पॅरिसमध्ये. म्हणजे मनुष्यजात आधी दोन चाकांवर तोल सांभाळायला शिकली आणि चाळीसहून अधिक वर्षांनी पायडल मारायला. आपण मुलांना हा क्रम उलटा लावतो: आधी तीनचाकी, मग आधाराच्या चाकांची सायकल, पायडल मारून मारून पोटऱ्या भरतात, आणि तोलाचा प्रश्न शेवटच्या दिवसावर ढकललेला. त्या शेवटच्या दिवशी बापाला पळावं लागतं आणि खोटं बोलावं लागतं.

सायकल शिकवणं ही या भागाच्या इतिहासातली किरकोळ बाब नाही, हे जाता जाता नोंदवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला धंदा सायकलींचा होता. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलचं दुकान काढलं. सायकली विकायच्या आणि विकत घेणाऱ्याला चालवायला शिकवायचंही, असा तो व्यवहार. पुढे लोखंडी नांगर आला, आणि १९१० साली औंध संस्थानच्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आला. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. नांगराच्या आधी तोल विकला गेला होता, असं गमतीने म्हणता येईल.

आता तोल म्हणजे काय ते बघू, कारण सगळा वाद तिथे आहे. चालती सायकल कधीच सरळ उभी नसते. ती सतत पडत असते. उजवीकडे कलली की चालवणारा हँडल किंचित उजवीकडेच वळवतो, चाकं कललेल्या अंगाखाली येतात, सायकल सावरते आणि लगेच डावीकडे कलायला लागते. ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला वळायचं, हा नियम ऐकायला उफराटा वाटतो. पडणाऱ्याची उपजत इच्छा विरुद्ध बाजूला ओढून घेण्याची असते. चाकं फिरतात म्हणून सायकल उभी राहते, हे शाळेत मिळणारं उत्तर अपुरं आहे. डच आणि अमेरिकी संशोधकांनी २०११ साली एक अशी सायकल करून दाखवली, की जिच्यात फिरत्या चाकांचा तो परिणामही रद्द केला होता आणि पुढच्या चाकाच्या मांडणीचाही. तरी ती ढकलून सोडली की आपली आपण सावरत जायची. मायकेल पोलान्यी या तत्त्वज्ञाने १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात तोलाचं गणिती सूत्रच देऊन टाकलं आणि विचारलं, की जगातला कुठला सायकलस्वार हे सूत्र ओळखतो? कुणीच नाही. आणि सूत्र पाठ केलेला माणूस सायकलवर बसवला तर तो पडतोच. हे ज्ञान सांगून देता येत नाही. शरीराने हजार वेळा थोडं थोडं पडून ते मिळवायचं असतं.

आता सीटमागचा तो हात पुन्हा बघा. तो काय करतो? सायकल कलू देत नाही. बाजूची चाकंही तेच करतात, आणि वर एक उलटा धडा देतात: आधाराच्या चाकांवर मूल वळताना अंग बाहेरच्या बाजूला टाकायला शिकतं, जे खऱ्या सायकलवर घातक आहे. कलण्यातूनच तोल शिकायचा असेल, तर कलूच न देणारा आधार शिकण्याची जागाच बुजवून टाकतो. जे शिकायचं आहे नेमकं तेच आधार देणारा स्वतः करून टाकतो. आपल्या घरांतून गेलेल्या पांगुळगाड्याचंही असंच होतं, नावातच तो पांगळेपण घेऊन आला होता. बॅलन्स बाईक वेगळी पडते ती इथे. ती मुलाला कलू देते. उचललेले पाय जमिनीपासून चार बोटांवर आहेत, त्यामुळे कललं तरी पडणं पूर्ण होत नाही. पाय टेकतो, मूल हसतं, पुन्हा निघतं. इथला आधार मागून येत नाही, खालून असतो. आणि तो कधी सोडायचा हे बाप ठरवत नाही, मूल ठरवतं. उतारावर केव्हातरी दोन्ही पाय उचलले जातात आणि उचललेले राहतात.

आधार मागून असावा की कसा, हा प्रश्न आपल्याकडच्या धर्मविचाराला नवा नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनी त्यावरून दोन पंथ केले आणि दोन प्राण्यांची नावं त्या वादाला कायमची चिकटली. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, मांजर त्याला मानगुटीला धरून नेते; तो मार्जारकिशोर न्याय, म्हणजे सगळी कृपा. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगतं. तो मर्कटकिशोर न्याय, म्हणजे जिवालाही काही करावं लागतं. सातारा जिल्ह्यात हे दोन्ही सूर एका दिवसाच्या प्रवासात ऐकू येतात. एकीकडे सज्जनगड, जिथल्या समर्थांनी प्रयत्नाला जवळजवळ देवपण दिलं आणि अकरा मारुतींची जी साखळी चाफळ-मसूरपासून बहे-बोरगाव, बत्तीस शिराळ्यापर्यंत सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात उभी केली, तिच्यात बलोपासनेचा आग्रह उघड आहे. दुसरीकडे माण तालुक्यातलं गोंदवलं, जिथे ब्रह्मचैतन्य महाराजांनी १९१३ साली देह ठेवेपर्यंत लोकांना एकच सांगितलं, की नाम घ्या आणि कर्तेपण रामाकडे द्या. भक्त दोन्हीकडे जातात, बऱ्याचदा एकाच सहलीत, आणि त्यांना यात विसंगती वाटत नाही. मला वाटतं लोकांचं बरोबर आहे, आणि पंडितांनी प्रश्न चुकीचा मांडला. मांजर असो की माकडीण, दोन्ही दृष्टान्तांत पिल्लू शेवटी आईच्या अंगाला चिकटलेलंच आहे. कोण कुणाला धरतं एवढाच फरक. पिल्लू स्वतःच्या पायांनी चालू लागलं तर आईने काय करायचं, हा प्रश्न दोन्ही न्यायांच्या बाहेर राहतो, आणि सायकलचा प्रश्न नेमका तोच आहे.

त्याचं उत्तर मला त्याच मारुतीच्या गोष्टीत सापडतं. समुद्रकाठी सगळे वानर हताश बसले आहेत, कुणाची उडी कुठवर जाते याचा हिशोब चालला आहे, आणि मारुती गप्प आहे. जांबवान त्याच्याजवळ जातो. तो त्याला खांद्यावर घेत नाही, पाण्यात ढकलतही नाही. त्याच्या जन्माची आणि बळाची आठवण करून देतो. मारुती वाढतो आणि उडी घेतो. इथे जांबवान जे बोलतो ते खरं आहे, हे महत्त्वाचं. ‘धरलंय मी’ आणि ‘तुला येतं’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं वाक्य बोलणाऱ्याबद्दल आहे, आणि बोललं जातं त्या क्षणी खोटं आहे. दुसरं ऐकणाऱ्याबद्दल आहे, आणि ते खरं असल्याशिवाय बोलता येत नाही. येत नसलेल्याला ‘तुला येतं’ म्हणणं ही नुसती फूस. म्हणून जांबवानाचं वाक्य बोलण्याचा अधिकार बापाला मिळतो तो मूल बॅलन्स बाईकवर पाय उचलून मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेल्यावर. त्या दिवशी ते वाक्य निव्वळ माहिती असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: एवढ्याशा खोट्याचं एवढं काय? महाभारतानेसुद्धा काही प्रसंगी, थट्टेत, प्राणावर बेतलेलं असताना, असत्याला मुभा दिली आहे. मग पोराला सायकल यावी म्हणून दोन शब्द फिरवले तर काय बिघडलं? आणि शेवटी पोरगं वळून बघतं, बाप लांब उभा दिसतो, ‘अरे, मी एकट्यानेच चालवली!’ हा आनंद त्या खोट्याशिवाय मिळाला असता का? आक्षेप वजनदार आहे आणि मी त्याला पाप म्हणायला निघालो नाही. पण आपल्या धर्मशास्त्राची या बाबतीतली शिस्त विसरू नये. जी सूट संकटापुरती दिलेली असते तिला आपद्धर्म म्हणतात, आणि आपत्ती टळली की आपद्धर्म संपतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तोल अजिबात येत नाही आणि आज संध्याकाळीच यायला हवा, ही आपत्ती कुणी निर्माण केली? क्रम उलटा लावणाऱ्या आपणच. क्रम सुलटा केला तर खोट्याची गरजच उरत नाही, आणि गरज नसलेल्या गोष्टीला गरजेची सबब चालत नाही. शिवाय ते खोटं यशाचं श्रेय चुकीच्या ठिकाणी ठेवतं. मूल ‘सोडू नका’ म्हणतं तेव्हा त्याची समजूत अशी असते, की सायकल चालतेय ती मागच्या हातामुळे. ‘धरलंय’ म्हणून आपण ती समजूत पक्की करतो. थोड्या वेळाने ती फुटते हे खरं, पण कित्येक मुलांची ती पडण्याबरोबर फुटते, आणि मग ते मूल पुढचे आठ दिवस सायकलला हात लावत नाही. हात सोडला म्हणून पडलो, हा त्याचा निष्कर्ष अगदी तर्कशुद्ध असतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो भाविकाचा आहे. मागचा हातच काढून टाकला तर देव कुठे राहिला? सगळं मुलाच्या पायांवर सोपवलं तर ही नास्तिकाची सायकल झाली. उद्या ते पोर म्हणेल, मी केलं, माझं मी केलं. याचं उत्तर संतांच्याच घरात आहे. आपल्याकडे आईच्या मायेचे जे दृष्टान्त रूढ आहेत त्यांत मांजर आणि माकड यांच्यापेक्षा मला कासवी मोठी वाटते. कासवी पिल्लाला पाजत नाही, उचलत नाही, पंखाखाली घेत नाही. ती लांबून नुसती पाहते आणि त्या पाहण्यावर पिल्लं वाढतात, अशी समजूत. प्राणिशास्त्र याला हसेल, हसू दे. कृपा म्हणजे स्पर्शच असला पाहिजे असं नाही, नजर असली तरी पुरते, एवढं सांगायला तो दृष्टान्त समर्थ आहे. आणि वारकऱ्यांकडेच पाहा. ज्या पंथाने विठ्ठलाला माउली म्हटलं, देवाने जनाबाईबरोबर दळल्याच्या कथा सांगितल्या, त्याच पंथाची मुख्य साधना पायी चालणं आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण असे मुक्काम करते. पादुका रथात असतात, वारकरी रस्त्यावर. त्याला कुणी कडेवर घेत नाही आणि त्याची तशी अपेक्षाही नसते. कृपेची सर्वात जास्त भाषा बोलणारे लोकच सर्वात जास्त चालतात, ही गोष्ट अपघाताने घडलेली नाही.

राहिला अहंकार. इथे तर बॅलन्स बाईक गोंदवल्याच्या बाजूने साक्ष देते. तोल कधी आला हे त्या मुलाला विचारा, त्याला सांगता येणार नाही. काल पावलं टेकत होती, आज दोन दोन, तीन तीन सेकंद वर राहतात, परवा उतार संपेपर्यंत वर. मधे कुठे ‘मी केलं’ असा क्षण नाही. जे शिकवावं लागलं नाही आणि जे कुणी ठरवून शिकलंही नाही, त्याचा कर्ता कोण म्हणायचा? मुलाने पाय हलवले हे खरं, सीट खाली कुणीतरी ठेवली हे खरं, उतार जमिनीने दिला हेही खरं. तोल मात्र यांपैकी कुणी दिला नाही, तो आला. उलट मागच्या हाताच्या नाट्यात दोन कर्ते ठळक उभे राहतात, आधी ‘मी धरलंय’ म्हणणारा आणि मग ‘मी चालवली’ म्हणणारा. कर्तेपण सोडायचं शिक्षण हवं असेल तर नाट्य नसलेलीच वाट बरी.

आधार अशा तऱ्हेने मांडता येतो, हात धरण्याऐवजी जमीन तयार करता येते, हे केवळ लहान मुलांपुरतं नाही, आणि याचे दाखले याच दोन जिल्ह्यांच्या मातीत आहेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांनी किर्लोस्करांना माळ दिला तेच, सूर्यनमस्कारांचे प्रचारक, यांनी १९३९ साली आपल्या बहात्तर गावांच्या संस्थानाची घटना बदलून कारभार गावांच्या पंचायतींकडे दिला. मसुद्यात गांधीजींचा आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याचा हात होता. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं गेलं: कैद्यांची वसाहत, पण भिंत नाही, शेती करायची, कुटुंबाबरोबर राहायचं. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्या प्रयोगावरून आला. कुणी म्हणेल, संस्थान १९४८ साली विलीन झालं, नऊ वर्षांच्या प्रयोगाने काय सिद्ध होतं? सत्ता लोकांना पेलते की नाही हे कदाचित सिद्ध होत नसेल. पण राजाने आधी लोकांना ‘राज्य मीच चालवतोय’ असं भासवून गुपचूप अंग काढून घेतलं नाही, एवढं दिसतं. त्याने सांगून दिलं, आणि जवळ राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांचंही तसंच. वाळवा तालुक्यातल्या ऐतवड्याच्या घराण्यातला, एकेकाळी किर्लोस्करांचे नांगर विकणारा हा माणूस १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढतो आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. गरीब मुलाला फुकट जेवायला घालणं त्यांना सहज भावलं असतं, ते मार्जारन्यायाचं धोरण. ‘ज्याचं त्याने बघावं’ म्हणणं हे तर समाजाचं जुनंच धोरण होतं. त्यांनी मुलाच्या हाताला काम दिलं आणि त्या कामावर त्याचं शिक्षण उभं केलं. कमवा आणि शिका या तीन शब्दांत सीट किती उंचीवर ठेवायची याचा हिशोब आहे: पाय टेकले पाहिजेत, पण बसून राहता कामा नये.

एवढं मान्य केलं तरी मुख्य पायरी उरतेच: बॅलन्स बाईकवरून पायडलच्या सायकलवर. इथे उत्साही लोक सांगतात की ते आपोआप होतं. पोर्तुगाल आणि नेदरलँड्समधल्या अलीकडच्या पाहण्यांत पायडलविना सुरुवात केलेली मुलं आधाराच्या चाकांवर सुरुवात केलेल्यांपेक्षा लहान वयात स्वतंत्र सायकल चालवू लागल्याचं दिसलं आहे. अर्थात अशी वस्तू घेणारे आईबाप मुळात अधिक लक्ष देणारे असतील, हा फरक ध्यानात ठेवावा. पण आपोआप मात्र होत नाही. तीन गोष्टी आडव्या येतात. नवी सायकल जड असते. थांबायला आतापर्यंत पाय होते, आता हाताचा ब्रेक, आणि घाबरलेलं मूल ब्रेक विसरून चपला घासतं. आणि पायडल आलं की मूल पायांकडे बघायला लागतं; नजर खाली गेली की हँडल डगमगतं आणि दोन वर्षं कमावलेला तोल जणू हरवतो. नेमक्या याच क्षणी बापाचा हात पुन्हा सीटकडे जातो. तो जाऊ नये. अगदीच राहवत नसेल तर सायकलला न धरता मुलाच्या पाठीला, काखेखाली, हलका हात असावा, म्हणजे सायकल तरी मोकळी कलेल. खरा उपाय आणखी साधा आहे: नव्या सायकलचीही पायडलं काढून ठेवायची, सीट खाली घ्यायची, चार-आठ दिवस तिच्यावरही तसंच घरंगळू द्यायचं. त्या दिवसांत फक्त ब्रेक शिकवायचा. मग पायडल बसवायचं. साताऱ्यात उतार शोधावा लागत नाही, तो टाळावा लागतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या गल्ल्या या कामाला फार तीव्र. सांगली कृष्णाकाठची, सपाट. तिथे एक पायडल पुढे वर आणून त्यावर जोर देऊन निघायला शिकवावं लागतं.

इथे एक शास्त्रीय आक्षेप येतो आणि तो वाईच्या एखाद्या पाठशाळेतून यावा असा आहे. परंपरेने आधी कर्म सांगितलं आहे. कर्माने चित्तशुद्धी, मग ज्ञान. मग आधी पायडल, मग तोल, हाच शास्त्रोक्त क्रम नव्हे काय? तीनचाकीवर पाय भरू द्या, तोल यायचा तेव्हा येईल. यात तथ्य असतं तर तीनचाकीवर तीन वर्षं काढलेलं मूल दोनचाकीवर एका दिवसात बसलं असतं. तसं होत नाही, कारण तीन चाकांवर तोलाचा प्रश्नच पडत नाही, आणि जो प्रश्न पडत नाही त्याची तयारी होत नाही. गीतेने मात्र समत्वालाच योग म्हटलं आहे आणि त्या योगात राहून कर्म करायला सांगितलं आहे. तिथे समत्व हे कर्माच्या शेवटी मिळणारं बक्षीस नाही, कर्म करण्याची ती बैठक आहे. आणि हे समत्व म्हणजे न हलणं, असं समजणाऱ्यांनी एकदा चालत्या सायकलच्या पुढच्या चाकाकडे निरखून पाहावं. ते सरळ रेषेत कधीच जात नाही. नागमोडी, बारीक, सतत दुरुस्त होत जाणारी रेघ ते मातीवर सोडतं.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वात प्रामाणिक. ही हौसेची वस्तू आहे. दोन वर्षं वापरायच्या, पायडल नसलेल्या सायकलला हजारो रुपये कोण घालणार? जत-आटपाडीकडच्या, माण-खटावच्या पोरांनी बापाच्या मोठ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत, ढोपरं फोडून घेत शिकून घेतलंच ना? घेतलं. पण ती पोरं काय करत होती ते नीट आठवा. एक पाय पायडलवर, दुसऱ्याने जमीन रेटत, लंगडी घातल्यासारखं, वेग आला की रेटणारा पाय उचलून तसंच घरंगळत. सीटवर बसणं फार पुढची गोष्ट. म्हणजे तीही आधी तोलच शिकत होती, मागे कुणाचा हात नसताना, पाय जमिनीच्या जवळ ठेवून. ड्राइसचं यंत्र त्यांनी न बघताच पुन्हा शोधून काढलं होतं. विकतची बॅलन्स बाईक हवीच असं मी म्हणत नाही. घरात पडलेली कुठलीही लहान सायकल घ्या, बाजूची चाकं काढा, सीट इतकी खाली आणा की मुलाची पूर्ण पावलं टेकतील, आणि पायडलं काढून ठेवा. सायकलच्या दुकानात हे काम पाच मिनिटांत होतं, घरी करायचं तर बहुधा १५ नंबरचा पाना लागतो. एवढंच लक्षात असू द्या, की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवं काढताना पाना नेहमीसारखा फिरवायचा, डावं काढताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. नेहमीच्या सवयीने फिरवलात तर ते आणखी घट्ट बसेल.